अडकलेला पॅच मर्जपर्यंत कसा न्यायचा: सीपायथॉनमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

पायथॉनच्या मूळ रिपॉझिटरीत (कोडच्या भांडारात), म्हणजे सीपायथॉनमध्ये, कधीही डोकावा. उघड्या पुल रिक्वेस्टी, म्हणजे ‘माझा बदल मूळ कोडात घ्या’ अशा विनंत्या, हजाराच्या वर सापडतील. सगळ्या काही टाकाऊ नसतात. कुणी नेटका पॅच, म्हणजे कोडातला बदल, दिलेला असतो, रिव्ह्यू करणाऱ्याने दोन बदल सुचवलेले असतात, तेवढ्यात पाठवणाऱ्याची परीक्षा येते किंवा नोकरी बदलते आणि पॅच तिथेच राहतो. इकडे मेन ब्रँच, म्हणजे कोडाची मुख्य शाखा, रोज पुढे जाते. सहा महिन्यांत त्या पॅचच्या पायाखालची जमीनच सरकलेली असते.

असे पॅच उचलून मर्जपर्यंत, म्हणजे मूळ कोडात मिसळेपर्यंत, न्यायला माणसे कायम कमी पडतात. भाषेच्या पोटात शिरायला नवख्याला याहून चांगली वाट नाही. पहिली पुल रिक्वेस्ट म्हणून डॉक्युमेंटेशनमधला स्वल्पविराम हलवण्यापेक्षा दुसऱ्याचा अडकलेला पॅच तडीस नेलेला केव्हाही बरा.

परभणी, नांदेड, लातूर, संभाजीनगरकडे बसून, कॉलेजच्या लॅबमधून किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून काम करणाऱ्यांना समोर धरून हे लिहिले आहे. उदाहरणे सीपायथॉनची आहेत. पीएचपी किंवा रस्ट या भाषांच्या प्रोजेक्टची रीत उलटी आहे तिथे तसे सांगितले आहे. कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करायच्या.

आधी जमवून ठेवा

- लिनक्स असलेला संगणक. विंडोजवर असाल तर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) चालते. ४ जीबी रॅममध्ये काम भागते, ८ असेल तर आरामात.
- गिट, सी कंपायलर, मेक, आणि ओपनएसएसएल, झेडलिब, लिबएफएफआय, एसक्यूलाइट, रीडलाइन यांच्या डेव्हलपमेंट फाइली. या फाइली नसल्या तरी बिल्ड अडत नाही, तिथेच घोळ होतो. बिल्डच्या शेवटी न बांधल्या गेलेल्या मॉड्यूलांची यादी येते, ती कुणी वाचत नाही, मग त्या मॉड्यूलांच्या टेस्ट गुपचूप ‘स्किप’ होतात आणि आपल्याला वाटते सगळे पास झाले.
- गिटहबचे खाते, टू-फॅक्टर चालू केलेले. बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा. मोबाइल बदलला की खाते गेले, असे व्हायला नको.
- पायथॉन सॉफ्टवेअर फाउंडेशनचा योगदान करार, ज्याला सगळे सीएलए म्हणतात. तो ऑनलाइन आणि मोफत होतो. पहिली पुल रिक्वेस्ट टाकली की बॉटच लिंक देतो.
- ‘ब्लर्ब’ (बदलाची बातमी लिहायला) आणि ‘चेरी-पिकर’ (बदल जुन्या शाखांत न्यायला) ही दोन छोटी साधने, पिपने बसतात.

## १. नाव-ईमेल आधी नीट करा

लॅबच्या मशीनवर गिटमध्ये बहुधा आधीच्या बॅचच्या कुणाचे तरी नाव असते, किंवा काहीच नसते. गिट ते मुकाट्याने कमिटवर (नोंदवलेल्या बदलावर) चिकटवते. सीएलए तपासणारा बॉट प्रत्येक कमिटच्या लेखकाचा ईमेल बघतो. तो ईमेल तुमच्या गिटहब खात्याला जोडलेला नसेल तर सही करूनही लाल खूण जात नाही, आणि माणूस दोन दिवस करारच पुन्हापुन्हा भरत बसतो.

पहिल्या कमिटआधी ‘गिट कॉन्फिग यूझर.नेम’ आणि ‘गिट कॉन्फिग यूझर.ईमेल’ टाकून उत्तर काय येते ते बघा. चुकीचा कमिट झालाच असेल तर ‘गिट कमिट --अमेंड --रिसेट-ऑथर’. स्वतःचा ईमेल उघड करायचा नसेल तर गिटहबचा नो-रिप्लाय पत्ता वापरा, तो चालतो.

## २. क्लोन आणि बिल्ड: लाइटचा हिशेब धरून

गिटचे क्लोन, म्हणजे रिपॉझिटरीची प्रत उतरवणे, अर्ध्यावर तुटले तर पुढून चालू होत नाही, पहिल्यापासून सुरू होते. भारनियमनाच्या वेळेत मोठे क्लोन लावले तर भरपूर डेटा गेला आणि हाती काही नाही, अशी गत होते.

तीन उपाय आहेत. ‘--डेप्थ १’ हा त्यातला नाही, तो टाळाच. त्यात इतिहास येत नाही, त्यामुळे जुना पॅच मेनपासून कुठे फुटला ते गिटला कळत नाही आणि मर्ज करताना नको ते कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी न जुळणारे दोन बदल) उभे राहतात.

पहिला उपाय: ‘गिट क्लोन --फिल्टर=ब्लॉब:नन’. यात कमिटचा इतिहास पूर्ण येतो, जुन्या फाइलींचा मजकूर मात्र लागेल तेव्हाच उतरतो. डाउनलोड बरेच कमी होते. ‘गिट ब्लेम’ला मग नेट लागते, तेवढे लक्षात ठेवा.

दुसरा: चार-पाच जण मिळून शिकत असाल तर एकाने रात्री चांगल्या लाइनवर पूर्ण क्लोन करावे, ‘गिट बंडल क्रिएट सीपायथॉन.बंडल --ऑल’ करून ती एकच फाइल पेनड्राइव्हवर द्यावी. बाकीच्यांनी त्या फाइलीवरून क्लोन करायचे, मग अपस्ट्रीमचा पत्ता जोडून फेच करायचे. तेव्हा मधल्या काळातला फरक तेवढाच उतरतो. बंडल करणाऱ्याचे क्लोन मात्र फिल्टर न लावलेले हवे.

तिसरा उपाय म्हणजे पहाटे उठणे. तो सगळ्यांना माहीत आहे.

रिमोटची नावे सगळे वापरतात तीच ठेवा: मूळ रिपॉझिटरी ‘अपस्ट्रीम’, तुमचा फोर्क (गिटहबवरची तुमची प्रत) ‘ओरिजिन’. मग ‘./कॉन्फिगर --विथ-पायडीबग’ आणि ‘मेक -जे४’. डीबग बिल्ड हळू चालते, पण रेफरन्स-मोजणीतल्या (ऑब्जेक्ट किती ठिकाणी वापरात आहे त्या मोजणीतल्या) चुका तिथेच पकडल्या जातात. मध्येच लाइट गेली तर मेक राहिलेले काम पुढे नेते. मात्र ऐन त्या क्षणी लिहिली जात असलेली ऑब्जेक्ट फाइल रिकामी राहिलेली असू शकते. लिंक करताना चित्रविचित्र एरर आल्या तर डोके न खाजवता ‘मेक क्लीन’ करा.

टेस्ट नेहमी ‘./पायथॉन’ने चालवायची. सवयीने ‘पायथॉन३’ टाइप केले की उबंटूचा पायथॉन तपासला जातो, तुमचा नाही.

## ३. कोणता पॅच उचलायचा

हा निर्णय चुकला तर पुढची सगळी मेहनत वाया जाते, म्हणून इथे घाई नको.

‘अवेटिंग चेंजेस’ हे लेबल असलेल्या पुल रिक्वेस्टी आधी बघा. याचा अर्थ कोअर डेव्हलपरने (मर्ज करण्याचा हक्क असलेल्याने) पॅच वाचला आहे, दिशा बहुधा मान्य आहे आणि ठरावीक दुरुस्त्या राहिल्या आहेत. पॅच साधारण शंभर ओळींच्या आतला असावा. चर्चेचा धागा वरपासून खालपर्यंत वाचा. शेवटच्या चार कमेंटींत ‘टेस्ट हवी’, ‘डॉक्युमेंटेशन हवे’, ‘एरर आल्यावर मेमरी सुटत नाही’ असे काही असेल तर तो पॅच तुमच्यासाठी योग्य. ‘हे करावे का हाच प्रश्न आहे’ अशा सुरात बोलणे चालू असेल तर तिथून निघा. दोन कोअर डेव्हलपरांत मतभेद असतील तर आणखी लवकर निघा. सिंटॅक्स बदलणारे, नवे बिल्ट-इन घालणारे पॅच पेप (भाषेतल्या बदलाचा औपचारिक प्रस्ताव) मंजूर झाल्याशिवाय हलत नाहीत. तुमचा कोड कितीही सुंदर असो.

मग सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त वेळा विसरली जाणारी गोष्ट करा: मूळ इश्यूतला (तक्रारीच्या नोंदीतला) बग आजच्या मेनवर अजून दिसतो का ते चालवून बघा. पुष्कळदा तो दुसऱ्याच कुठल्या बदलात परस्पर सुटलेला असतो. तसे असेल तर कोणत्या कमिटने सुटला ते ‘गिट बायसेक्ट’ने काढा आणि इश्यूवर लिहा. पाच मिनिटांत इश्यू बंद होतो. हेही योगदानच आहे, आणि कोड लिहिण्याइतकेच मोलाचे धरले जाते.

## ४. मूळ लेखकाला विचारा

पुल रिक्वेस्टवर एक साधी कमेंट टाका: हे काम पुढे नेणार आहात का, नसाल तर मी नेऊ का, तुमचे श्रेय ठेवीन. इंग्रजी जेमतेम असले तरी चालते, तीन वाक्ये पुरतात. दोन आठवडे थांबा. उत्तर नाही आले तर पुढे जायला हरकत नाही.

इथे एक मोठा खड्डा आहे. मूळ लेखकाने सीएलएवर सही केली आहे का ते त्याच पुल रिक्वेस्टच्या तपासण्यांत बघा. सही नसेल आणि माणूस गायब असेल तर त्याच्या ओळी उचलू नका. इश्यू वाचा, त्याचा कोड बाजूला ठेवा आणि उपाय स्वतः नव्याने लिहा. ‘दोन-चार नावे बदलली की झाले’ हा हिशेब इथे चालत नाही.

## ५. पॅच आपल्या मशीनवर आणा

पुल रिक्वेस्ट असेल तर सोपे आहे: ‘गिट फेच अपस्ट्रीम पुल/क्रमांक/हेड:जुना-पॅच’. तिच्यावरूनच आपली ब्रँच काढायची, म्हणजे मूळ लेखकाचे कमिट त्याच्याच नावाने राहतात.

पण पॅचची अजून एक जात आहे. सीपायथॉन फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्क्युरियलवरून गिटहबवर आले, आणि इश्यू एप्रिल २०२२ मध्ये. २०१७ आधीचे पॅच जुन्या बग ट्रॅकरवर फाइल म्हणून जोडलेले आहेत. त्यांना ‘गिट अप्लाय --३वे’ बहुधा लागू पडत नाही, कारण त्यात गिटचे ब्लॉब क्रमांकच नसतात. तिथे जुने ‘पॅच’ हेच साधन कामाला येते. पर्ल भाषेचा जनक लॅरी वॉल याने ते १९८५ मध्ये लिहिले, आणि त्याची धार अजून गेलेली नाही.

आधी ‘पॅच -पी१ --ड्राय-रन’ करा. फाइलींच्या नावापुढे ‘ए/’ आणि ‘बी/’ नसतील तर ‘-पी०’. आता जे छापून येते ते नीट वाचा. ‘हंक २ सक्सीडेड ॲट ४१२, ऑफसेट ३७’ याचा अर्थ तो तुकडा मूळ जागेपासून ३७ ओळी खाली सापडला. मधे कोड वाढला, इतकेच. ‘विथ फझ २’ दिसले तर मात्र थांबा. म्हणजे आजूबाजूच्या ओळी जुळल्या नाहीत म्हणून कडेच्या दोन ओळींकडे दुर्लक्ष करून तुकडा बसवला गेला. सीच्या फाइलीत ‘नल असेल तर नल परत कर’ या चार ओळी दर दहा-वीस ओळींनी येतात. तुकडा शेजारच्या फंक्शनमध्ये अलगद जाऊन बसतो, कंपाइलही होतो, आणि बग तसाच राहून एक नवा तयार होतो. म्हणून ‘--फझ=०’ लावा आणि जे नाकारले जाईल ते ‘.रेज’ फाइलीतून हाताने बसवा. नंतर ‘.ओरिग’ आणि ‘.रेज’ फाइली पुसा; त्या चुकून कमिटमध्ये गेल्या तर लाज जाते.

दुसऱ्याचा कोड चालवण्याआधी फरक डोळ्यांखालून घाला. टेस्ट चालवणे म्हणजे त्या माणसाचा कोड तुमच्या खात्याच्या हक्काने चालवणे. कंटेनर किंवा निदान वेगळा यूझर वापरा. पॅचमध्ये टेस्टसाठी म्हणून बायनरी फाइल जोडलेली असेल तर ती कशी तयार केली ते विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. मार्च २०२४ मध्ये उघड झालेला, एक्सझेड यूटिल्स या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनातला चोरदरवाजा अशाच टेस्टच्या फाइलींत लपला होता, आणि तो घुसवणाऱ्याने दोनेक वर्षे चांगले पॅच देऊन विश्वास कमावला होता.

## ६. कॉन्फ्लिक्ट सोडवणे

आधी दोन सेटिंगे करून टाका. ‘गिट कॉन्फिग मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल झेडडिफ३’: यामुळे कॉन्फ्लिक्टमध्ये तुमची बाजू, त्यांची बाजू आणि मधे मूळ मजकूर असे तिन्ही दिसतात. मूळ मजकूर दिसल्याशिवाय कोणी काय बदलले हे सांगताच येत नाही. दुसरे ‘गिट कॉन्फिग रीरीरी.एनेबल्ड ट्रू’: एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट गिट लक्षात ठेवते आणि पुन्हा तोच आला तर स्वतः सोडवते.

रिबेस (आपले कमिट नव्या मेनवर पुन्हा रचणे) की मर्ज? सीपायथॉनमध्ये मर्ज: ‘गिट मर्ज अपस्ट्रीम/मेन’. शेवटी सगळे कमिट एकत्र दाबून एकच होतो, त्यामुळे मधला इतिहास कसाही चालतो. उलट रिबेस करून फोर्स-पुश केले की रिव्ह्यू करणाऱ्याला मागच्या वेळेपासून काय बदलले ते दिसेनासे होते, आणि तो वैतागतो. रस्टमध्ये नेमके उलटे आहे: तिथे पुल रिक्वेस्टमध्ये मर्ज कमिट चालत नाहीत, रिबेसच करावे लागते. एका प्रोजेक्टची सवय दुसऱ्यात नेऊ नका, त्या त्या प्रोजेक्टचे मार्गदर्शक पान आधी वाचा.

काही फाइलींत कॉन्फ्लिक्ट हाताने सोडवायचाच नसतो. ‘कॉन्फिगर’ ही हजारो ओळींची स्क्रिप्ट ‘कॉन्फिगर.एसी’पासून तयार होते. ‘क्लिनिक’ फोल्डरमधल्या हेडर फाइली आर्ग्युमेंट क्लिनिक हे सीपायथॉनचे कोड तयार करणारे साधन बनवते. अशा फाइलीत कॉन्फ्लिक्ट आला तर मेनची बाजू जशीच्या तशी घ्या, मूळ फाइलीतला कॉन्फ्लिक्ट सोडवा आणि ती पुन्हा तयार करा: क्लिनिकच्या फाइली ‘मेक क्लिनिक’ने, ‘कॉन्फिगर’ ‘मेक रीजेन-कॉन्फिगर’ने. हाताने जुळवलेली फाइल दिसायला बरोबर दिसते, पण तपासणीत हमखास पकडली जाते.

आणि कॉन्फ्लिक्ट आला नाही म्हणजे सगळे जुळले, असेही नाही. जुन्या पॅचची टेस्ट ‘असर्टइक्वल्स’ वापरते. ते नाव ३.१२ मध्ये काढून टाकले, आता ‘असर्टइक्वल’च. ‘डिस्टयूटिल्स’ आणि ‘इम्प’ ही मॉड्यूलेही ३.१२ पासून नाहीत. सी कोडमध्ये ‘स्टॅटिक’ ग्लोबल व्हेरिएबल ठेवलेले असेल तर आता ते मॉड्यूलच्या स्टेटमध्ये हलवायला सांगतात, कारण एकाच प्रोसेसमध्ये अनेक इंटरप्रिटर चालू शकतात. आठ महिन्यांपूर्वीच्या हिरव्या खुणेला आज काही किंमत नाही.

## ७. टेस्ट आधी नापास झालीच पाहिजे

टेस्ट लिहिली, चालवली, पास झाली: एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. दुरुस्ती काढून टाकल्यावर ती नापास होते का ते बघा. पद्धत अशी:

१. ‘गिट रिस्टोर --सोर्स=अपस्ट्रीम/मेन’ आणि पुढे दुरुस्ती असलेली फाइल, म्हणजे फक्त टेस्ट नवी राहते.
२. ती फाइल सीची असेल तर ‘मेक’. पायथॉनची असेल तर गरज नाही. हे ‘मेक’ विसरणे ही नवख्यांची सर्वांत नेहमीची चूक. जुन्याच बायनरीवर टेस्ट चालते आणि निकालाचा काही अर्थ राहत नाही.
३. ‘./पायथॉन -एम टेस्ट टेस्ट_आरई -व्ही’, अर्थात तुमच्या मॉड्यूलची टेस्ट. ती नापास व्हायला हवी, आणि इश्यूत लिहिलेल्या कारणानेच. इम्पोर्ट एररने नापास झाली तर ती मोजायची नाही.
४. दुरुस्ती परत आणा, ‘मेक’, पुन्हा टेस्ट.

सी कोड असेल तर वर ‘-आर ३:३’ लावून एकदा चालवा. टेस्ट तीनदा सरावासाठी आणि तीनदा मोजण्यासाठी चालते, आणि दर फेरीला रेफरन्स वाढत असतील तर गळती सांगते. जुने पॅच गळतात ते बहुतेक एररच्या वाटेवर: सगळे सुरळीत झाले तर ऑब्जेक्ट सोडले जाते, मधेच चूक झाली तर तसेच राहते. म्हणून टेस्टमध्ये चुकीचा इनपुटही हवा.

संपूर्ण टेस्ट संच घरच्या मशीनवर दरवेळी चालवत बसू नका, पुल रिक्वेस्टवर तो आपोआप चालतो.

## ८. बातमी, आवृत्ती, शीर्षक

वापरणाऱ्याला जाणवणारा बदल असेल तर न्यूज एंट्री लागते. ‘ब्लर्ब ॲड’ करा, इश्यू क्रमांक द्या, दोन वाक्ये लिहा. पूर्वी सगळे एकाच न्यूज फाइलीत त्याच जागी ओळ घालत, आणि प्रत्येक पॅच प्रत्येक पॅचशी भांडत असे. म्हणून आता प्रत्येक एंट्रीची वेगळी छोटी फाइल असते. जुन्या पॅचने ती मोठी फाइल बदलली असेल तर तो बदल टाकून द्या.

वाक्य पायथॉन वापरणाऱ्यासाठी लिहा. ‘फंक्शनमधली अट बदलली’ यातून त्याला काही कळत नाही. ‘रिकामी स्ट्रिंग दिली तर आता क्रॅश होत नाही’ यातून कळते.

जुन्या डॉक्युमेंटेशनमध्ये ‘३.१० पासून बदलले’ असे ठोकलेले असते. पॅच आता येणार तर ते खोटे ठरेल. क्रमांकाच्या जागी आता ‘नेक्स्ट’ लिहिलेले चालते, प्रकाशनाच्या वेळी खरा क्रमांक बसतो. शीर्षकात ‘बीपीओ-’ (जुन्या बग ट्रॅकरचा) क्रमांक असेल तर त्याचा नवा ‘जीएच-’ (गिटहबचा) क्रमांक शोधून तो घाला.

## ९. पाठवा, श्रेय द्या, थांबा

नव्या पुल रिक्वेस्टच्या वर्णनात पहिल्याच ओळीत जुन्या पुल रिक्वेस्टचा क्रमांक द्या, आणि तुम्ही नेमके काय वाढवले ते सांगा: टेस्ट, अमुक कमेंटनुसार दुरुस्ती, नवी न्यूज एंट्री. मूळ लेखकाचे कमिट तसेच ठेवले असतील तर एकत्र दाबताना गिटहब त्याचे नाव ‘को-ऑथर्ड-बाय’ म्हणून स्वतः घालते. जुन्या फाइलीवरून हाताने बसवलेला पॅच असेल तर ती ओळ कमिट संदेशाच्या शेवटी, वर एक ओळ मोकळी सोडून, तुम्हीच लिहायची. दुसऱ्याची मेहनत आपल्या नावावर खपवलेली इथे लपत नाही, सगळा इतिहास उघडा असतो.

रिव्ह्यूतल्या सगळ्या सूचना पुऱ्या केल्यावर ‘आय हॅव मेड द रिक्वेस्टेड चेंजेस; प्लीज रिव्ह्यू अगेन’ हे वाक्य जसेच्या तसे लिहा. बॉट तेच शब्द ओळखतो आणि लेबल बदलतो. सौजन्य म्हणून त्यात आपले शब्द मिसळलेत तर काही हलत नाही.

मग थांबायचे. दोन-तीन दिवसांनी ‘एनी अपडेट’ नको, तीन-चार आठवड्यांनी एकदा विचारले तर वावगे नाही. ‘अपडेट ब्रँच’ हे बटण रोज दाबण्याची खोड असते काहींना. त्याने सगळ्यांना सूचना जातात, सगळ्या टेस्ट पुन्हा चालतात आणि पॅच जराही पुढे सरकत नाही. कॉन्फ्लिक्ट आला किंवा कुणी सांगितले तरच दाबा. युरोपातल्या माणसाशी बोलायचे असेल तर आपली रात्रीची साडेनऊची वेळ बरी, तेव्हा यूटीसीनुसार दुपारचे चार असतात.

ऑक्टोबरात हॅकटोबरफेस्ट या पुल रिक्वेस्टी पाठवण्याच्या मोहिमेमुळे फालतू पुल रिक्वेस्टींचा पूर येतो, आणि त्याच महिन्यात पायथॉनची नवी आवृत्ती निघते. मेंटेनरांना तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नसते. आपल्याकडे सोयाबीनची काढणीही तेव्हाच. ज्याची घाई नाही तो पॅच नोव्हेंबरात पुढे करा.

## १०. जुन्या शाखांत नेणे

पायथॉन दर ऑक्टोबरात नवी आवृत्ती काढते, ३.१३ आली २०२४ मध्ये, ३.१४ आली २०२५ मध्ये. मे महिन्यात पहिली बीटा निघाली की त्या आवृत्तीत नवे वैशिष्ट्य घेत नाहीत. ३.१३ पासून प्रत्येक आवृत्तीला दोन वर्षे बग दुरुस्त्या मिळतात, पुढची तीन वर्षे फक्त सुरक्षेच्या. पॅच बग दुरुस्तीचा असेल तर मेनमध्ये आधी, मग चालू देखभालीच्या शाखांत. नवे वैशिष्ट्य फक्त मेनमध्ये.

कोअर डेव्हलपर ‘नीड्स बॅकपोर्ट टू ३.१४’ असे लेबल लावतो आणि मर्ज झाल्यावर बॉट नवी पुल रिक्वेस्ट उघडतो. कॉन्फ्लिक्टमुळे बॉटला ते जमले नाही तर काम तुमच्याकडे येते: ‘चेरी-पिकर’ चालवा, कॉन्फ्लिक्ट सोडवा, शीर्षकाच्या सुरुवातीला चौकोनी कंसात शाखेचा क्रमांक येतो तो तसाच ठेवा. यासाठी वेगळे क्लोन नको, ‘गिट वर्कट्री ॲड’ने शेजारच्या फोल्डरमध्ये ३.१४ ची शाखा उघडा आणि तिथे वेगळे बिल्ड ठेवा. हाताने ‘गिट चेरी-पिक’ केलेत तर ‘-एक्स’ लावा, म्हणजे मूळ कमिटचा क्रमांक संदेशात राहतो.

पीएचपीत ओघ उलटा: दुरुस्ती सर्वांत जुन्या चालू शाखेत आधी जाते आणि तिथून वरच्या शाखांत मर्ज होत जाते. तिथे मास्टरवर पॅच पाठवला तर ‘खालच्या शाखेवर पाठवा’ असेच उत्तर येते.

कंपनीत किंवा कॉलेजात बदललेला पायथॉन वापरत असाल, आणि पाच-सात पॅच वरती न पाठवता स्वतःपाशीच सांभाळायचे असतील, तर ते ‘गिट फॉरमॅट-पॅच’ने एकेक फाइल करून क्रमाने ठेवा. डेबियनवाले यासाठी ‘क्विल्ट’ नावाचे साधन वापरतात. नावाचा अर्थ गोधडी, आपल्याकडची वाकळ. एकावर एक ठिगळे, आणि क्रम बदलला की टाके उसवतात. नव्या आवृत्तीवर सगळे पॅच बसवून झाले की ‘गिट रेंज-डिफ’ने जुनी आणि नवी मालिका शेजारी ठेवून बघा, कोणता पॅच बसवताना बदलला ते लगेच दिसते.

## ११. नाही म्हणायचे पॅच

ट्रायजचे (इश्यू आणि पॅच तपासून वर्गवारी करण्याचे) हक्क मिळाले की लेबल लावता येतात आणि इश्यू बंद करता येतात. तेव्हा हे लागेल, आणि मराठी माणसाकडे हे उदाहरण हमखास येणार.

‘मराठी’ या स्ट्रिंगवर ‘इजअल्फा’ चालवा, उत्तर फॉल्स येते. ‘इजआयडेंटिफायर’ चालवा, ट्रू येते. लांबी येते ५: म, र, काना, ठ, वेलांटी. काना आणि वेलांटी युनिकोडमध्ये ‘अक्षर’ या वर्गात नाहीत, त्या ‘चिन्ह’ वर्गात आहेत, आणि ‘इजअल्फा’ फक्त अक्षर-वर्ग मोजते. याच कारणाने ‘आरई’ मॉड्यूलमध्ये ‘\डब्ल्यू+’ने हाच शब्द शोधला तर ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे हाती येतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा सरळ अन्याय वाटतो आणि तो ‘इजअल्फा’ बदलणारा पॅच पाठवतो.

हा पॅच स्वीकारता येत नाही. ‘इजअल्फा’ कोणते वर्ग मोजते ते डॉक्युमेंटेशनमध्ये नावानिशी लिहिलेले आहे, आणि युनिकोडच्या ‘अल्फाबेटिक’ गुणधर्माहून ते वेगळे आहे हेही तिथेच सांगितले आहे. त्या वागण्यावर विसंबून लिहिलेला कोड जगभर पडला आहे. नकार देताना नुसते ‘वोन्टफिक्स’ (दुरुस्त करणार नाही) लिहून निघून जाऊ नका. कारण सांगा, डॉक्युमेंटेशनची ती ओळ दाखवा आणि काय चालेल ते सुचवा: देवनागरीचे उदाहरण घालणारा डॉक्युमेंटेशनचा पॅच चालेल, ‘युनिकोडडेटा’ने वर्ग तपासणारे स्वतःचे छोटे फंक्शन चालेल. पाठवणारा पुन्हा येतो तो अशा उत्तरामुळे.

मशीनकडून लिहून घेतलेले, पाठवणाऱ्यालाच न कळलेले पॅच अलीकडे बक्कळ येतात. ओळखायची सोपी रीत म्हणजे एक साधा प्रश्न विचारणे: ही अट काढली तर कोणती टेस्ट नापास होईल? उत्तर आले तर काम पुढे न्या. चार परिच्छेदांचे गुळगुळीत आभारप्रदर्शन आले तर बंद करा.

## १२. मर्ज झाल्यावर

लगेच ब्रँच पुसून मोकळे होऊ नका. मर्ज झालेला कोड बिल्डबॉटांवर, म्हणजे आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणाऱ्या यंत्रांवर, जातो; तिथे पुल रिक्वेस्टवर न चाललेली यंत्रे असतात, वेगळे प्रोसेसर, जुने कंपायलर, एस३९०एक्ससारखी बिग-एंडियन मशीनही. संख्येचा सर्वांत मोठ्या किमतीचा बाइट आधी ठेवणाऱ्या अशा मशीनवर तुमचा स्ट्रक्ट वाचणारा कोड कोलमडला तर लाल खूण तिथे पहिल्यांदा दिसते. एका दिवसात दुरुस्ती आली नाही तर कमिट परत घेण्याची पद्धत आहे, आणि त्यात कुणाचा राग नसतो. परत घेतला तर मेनवरून नवी ब्रँच काढा, परत घेतलेला तोच कमिट चेरी-पिक करा, आणि बिल्डबॉटच्या लॉगमधली नापास झालेली टेस्ट हाताशी घेऊन सातव्या पायरीपासून पुन्हा सुरू करा.